पिशवी काढली, म्हणजे नेमकं काय काढलं?

माझी आतेबहीण कागल तालुक्यातली. दीड एकर ऊस, दोन म्हशी, सासू आणि दोन मुलं असा तिचा संसार. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या 42 व्या वर्षी, तिचं ऑपरेशन झालं. घरात, भावकीत, दूध संस्थेच्या कट्ट्यावर सगळ्यांना एकच वाक्य कळलं : पिशवी काढली. पाच-सहा महिन्यांनी तिला रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायला लागलं, झोप उडाली, हाडं ठणकायला लागली. ती कोल्हापुरात माझ्याकडे आली तेव्हा मी तिला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अंडाशय ठेवलेत का?" बहिणीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पिशवी काढल्या बघा. एवढंच म्हाईत हाय."

रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं डिस्चार्ज कार्ड तिनं काढलं. त्यावर इंग्रजी आद्याक्षरं होती : टीएएच, बीएसओ. टीएएच म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढलं, बीएसओ म्हणजे दोन्ही अंडाशय आणि दोन्ही बीजवाहिन्याही काढल्या. पाळी जायच्या वयाआधी दोन्ही अंडाशय काढले की बाईची पाळी हळूहळू जात नाही, एकदम जाते, आणि पुढे हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. काही रोगांत ते काढावेच लागतात, हे मला मान्य आहे. पण ती गोष्ट तिला ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी, तिसऱ्याच ठिकाणी कळली. तिनं सही केलेलं संमतीपत्र मराठीत होतं आणि त्यावर लिहिलं होतं, "गर्भपिशवीची शस्त्रक्रिया." त्यात खोटं काही नव्हतं. तो शब्दच अपुरा होता.

मी गेली 19 वर्षं कोल्हापुरात एएनएमच्या, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सच्या अभ्यासक्रमाच्या, मुलींना शरीररचना शिकवते, मराठीतून. राधानगरी, शाहूवाडी, गडहिंग्लज, चंदगड इथून येणाऱ्या या मुली उद्या उपकेंद्रावर बसून माझ्या बहिणीसारख्या बायकांशी बोलणार असतात. त्यामुळे शरीराच्या भागांची नावं हा माझ्यासाठी भाषाप्रेमाचा विषय नाही. माझं म्हणणं असं आहे की शरीराच्या प्रत्येक भागाला मराठीत एक ठरलेलं, सर्वांना माहीत असलेलं नाव असलं पाहिजे, ते आंतरराष्ट्रीय यादीतल्या नावाशी जोडलेलं असलं पाहिजे, आणि ते शक्य तिथे लोकांच्या तोंडातूनच घेतलं पाहिजे.

आपल्याकडे पिशवी तीन तरी असतात. गर्भाची पिशवी, लघवीची पिशवी, पित्ताची पिशवी. बाई "पिशवीला सूज आलीय" म्हणते तेव्हा पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. नस हा शब्द तर याहून घातकी. "नस दबलीय" म्हणतो तेव्हा आपल्याला मेंदूकडून संदेश नेणारा मज्जातंतू म्हणायचा असतो. "नस कापून घेतली" म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते. पोटरीत गोळा आला की "नस चढली", तेव्हा तो आखडलेला स्नायू असतो. आणि नसबंदीतली नस ही यांपैकी काहीच नव्हे, ती पुरुषाचं बीज वाहून नेणारी नळी आहे. एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी. कमरेतली नस दबलीय असं ऐकून आलेला माणूस घरी जाऊन सांगतो की रक्त पुढे जात नाही, आणि मग रक्त पातळ करणारी गोळी कुठली चांगली ते शेजाऱ्याला विचारतो. हे मी स्वतः ऐकलंय.

असा गोंधळ फक्त मराठीत झाला, असं समजायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला युरोपातल्या शरीररचनाशास्त्रात सुमारे 5,000 अवयवांना आणि भागांना मिळून जवळपास 50,000 नावं वापरात होती. एकच भाग जर्मनीत एका शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखला जायचा, फ्रान्समध्ये दुसऱ्याच्या. शेवटी जर्मन शरीररचनाकारांच्या संस्थेनं पुढाकार घेतला आणि 1895 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात लॅटिन नावांची पहिली मान्य यादी झाली. पुढे ब्रिटिशांनी आपली वेगळी दुरुस्ती केली, जर्मनांनी आपली, म्हणजे पुन्हा फाटाफूट. 1955 साली पॅरिसला सगळे एकत्र आले तेव्हा माणसांची नावं यादीतून काढून टाकायचं ठरलं. सोळाव्या शतकातल्या इटालियन फालोप्पिओच्या नावानं ओळखली जाणारी नळी 'गर्भाशयाची नळी' झाली. ग्रीक कथेतल्या अकिलीसच्या नावाचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, 'टाचेचा कंडरा' झाला. 1998 साली 'टर्मिनोलॉजिया ॲनाटॉमिका' ही यादी आली. तिची दुसरी आवृत्ती 2019 साली प्रसिद्ध झाली, आणि ती आज कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येते.

या यादीमागचे नियम मला फार शहाणपणाचे वाटतात. एका भागाला एकच नाव. नाव शक्य तितकं छोटं आणि सोपं. ते त्या भागाचं वर्णन करणारं असावं. एकमेकांजवळच्या भागांची नावं एकमेकांशी जुळावीत, म्हणजे मांडीचं हाड, मांडीची रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी), मांडीची नीला (हृदयाकडे रक्त नेणारी) हे सगळे एकाच मुळातून आलेले शब्द असावेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लॅटिन नाव हा फक्त खुंटा. प्रत्येक भागाला एक क्रमांक आहे, एक लॅटिन नाव आहे, आणि प्रत्येक भाषेनं आपला शब्द त्या खुंट्याला बांधायचा आहे. इंग्रजीनं आपला रकाना भरला. जपानमध्ये तर 1774 सालीच सुगिता गेनपाकू हा वैद्य आणि त्याचे सोबती यांनी डच पुस्तकावरून शरीररचनेचा ग्रंथ अनुवादित केला, तेव्हा मज्जातंतूसाठी 'शिनकेई' हा शब्द घडवला. तो आज जपानी डॉक्टरही वापरतो आणि जपानी आजीही. आपला रकाना मात्र अर्धवट आहे, आणि जिथे भरलाय तिथे एका चौकटीत तीन-तीन नावं कोंबलेली आहेत.

माझ्या वर्गातलाच अनुभव सांगते. ओव्हरीला एका पुस्तकात अंडाशय, दुसऱ्यात बीजांडकोश, तिसऱ्यात स्त्रीबीजकोश. मज्जासंस्था शिकून आलेल्या मुलीला नव्या पुस्तकात चेतासंस्था दिसते आणि ती मला विचारते, "मॅडम, ह्या दोन वेगळ्या संस्था का?" रोहिणी आणि नीला शिकलेली मुलगी धमनी आणि शिरा वाचून थबकते. तेही बरोबर, हेही बरोबर, असं मी सांगते. पण परीक्षेत आणि वॉर्डात 'तेही बरोबर' चालत नाही.

असं नाही की कुणी कामच केलं नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाची स्थापना 1960 ची. त्यांनी वेगवेगळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश काढले, त्यात शरीराचाही आहे. त्या कोशांमागचे कष्ट मी कमी लेखणार नाही. पण बहुतेक शब्द संस्कृतातून घेतलेले आहेत आणि इथेच माझा मुख्य वाद आहे. संस्कृत घेतलं म्हणजे नेमकेपणा आला, अशी आपली समजूत आहे. शरीराच्या बाबतीत ती फसवी आहे.

जंघा हा शब्द घ्या. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग. हिंदीत त्याचाच जांघ झाला आणि त्याचा अर्थ झाला मांडी. मराठीत जांघेत गाठ आली म्हटलं की हात जातो मांडी आणि ओटीपोट यांच्या मधल्या खाचेकडे. एकच मूळ, तीन भाषा, तीन जागा. आता नडगीच्या हाडाला 'अंतर्जंघास्थि' म्हटलं की माझ्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांसमोर जांघ येते, नडगी येत नाही. स्नायू म्हणजे मराठीत मांसाचा, ताकद लावणारा भाग. बंगालीत त्याच शब्दाचा अर्थ मज्जातंतू. सुश्रुताच्या शारीरस्थानात तो सांधे बांधणारा दोर. पेशी म्हणजे मराठीत शरीराचा सूक्ष्म घटक. हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. 2022 साली मध्य प्रदेशात एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली तेव्हा इथे काही जण म्हणाले की त्यातलीच परिभाषा आपण उचलावी, नाही तरी सगळं संस्कृतच आहे. असं केलं तर 'पेशीला इजा' या दोन शब्दांवरून डॉक्टर आणि नर्स वेगवेगळी वाक्यं ऐकतील.

प्राचीन ग्रंथांतही व्याख्या बदलली की आकडा बदलतो. चरकानं हाडं 360 मोजली, सुश्रुतानं 300, आज आपण मोठ्या माणसात 206 शिकवतो. ते चुकले नव्हते. चरकानं दात, दातांच्या खोबण्या आणि नखंही धरली होती. सुश्रुतानं दात आणि कूर्चा (कानात, नाकाच्या टोकाला असतो तो लवचीक भाग) हाडांतच धरली. कूर्चेला तो 'तरुण' हाड म्हणतो, लांब पोकळ हाडांना 'नलक'. आणि कोल्हापुरातला मटणवाला आजही मगजाच्या हाडाला 'नळी'च म्हणतो. इतक्या शतकांनी तो शब्द दुकानात तसाच जिवंत आहे, आणि आपण वर्गात मात्र ज्या शब्दाला कुणी ओळखत नाही तो घोकून घेतो.

म्हणून मला वाटतं की शब्द आधी माणसांकडे मागावेत. मराठीकडे ते नाहीत असं नाही. पाय म्हटलं की कमरेपासून बोटांपर्यंत सगळं आलं, हे खरं, पण त्याच भाषेत खुबा, मांडी, गुडघा, गुडघ्याची वाटी, नडगी, पोटरी, घोटा, टाच, पाऊल, तळवा हे सगळं स्वच्छ वेगळं आहे. इंग्रजीत रोजच्या बोलण्यात लेग म्हणजे पूर्ण पाय, आणि शास्त्रात लेग म्हणजे फक्त गुडघ्याखालचा भाग. माझ्या मुली यावर हमखास चुकतात. दंड म्हणजे खांदा ते कोपर, हे मराठी पोराला शिकवावं लागत नाही. मग त्या हाडाला 'प्रगंडास्थि' कशाला? 'दंडाचं हाड' म्हणा. आंतरराष्ट्रीय यादीच्या नियमांनीच ते पास होतं : छोटं, वर्णन करणारं, शेजारच्या शब्दांशी जुळणारं.

इथल्या तालमीत जाऊन बघा. वस्तादाकडे इजेसाठी चार क्रियापदं आहेत : मुरगळला, लचकला, निखळला, मोडला. चारांचा अर्थ चार वेगळ्या इजा. सरकारी दवाखान्याच्या अर्जावर मात्र चारांसाठी एकच शब्द, 'दुखापत'. पैलवानाचे कान मोडलेत असं आपण म्हणतो. खरं तर बाहेरच्या कानाला हाडच नसतं, दाबला जाऊन आत रक्त साकळतं आणि कूर्चा सुरकुतते. पण 'मोडणं' या शब्दामुळे घरचे हाडवैद्याकडे नेतात.

नाकाचं उदाहरण तर घरोघरी आहे. "नाकाचं हाड वाढलंय." बहुतेक वेळा हाड वाढलेलं नसतं, दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला वळलेला असतो, आणि तो पडदा पुढच्या बाजूला कूर्चेचा असतो. नुसतं बोलताना याने काही बिघडत नाही. पण भांडणात नाकावर ठोसा बसला की प्रश्न कायद्याचा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये हाड किंवा दात मोडणं ही गंभीर दुखापत आहे. पोलिसांचा पंचनामा मराठीत, डॉक्टरचा दाखला इंग्रजीत, साक्ष पुन्हा मराठीत. हाड की कूर्चा, या एका शब्दावर आरोपीचं कलम बदलू शकतं. अशा ठिकाणी मराठी शब्द ठरलेला नसणं हा अन्याय आहे, कुणावर ना कुणावर.

यावर उत्तर मिळतं ते ठरलेलं : मग सरळ इंग्रजी वापरा, सगळे किडनी, लिव्हर म्हणतातच. किडनीला माझा विरोध नाही. किडनी, लिव्हर, अपेंडिक्स आता मराठीच आहेत, ते यादीत मान्य शब्द म्हणून घ्यावेत. काळीज या शब्दाची काय गत आहे बघा, कवितेत ते हृदय असतं, मटणाच्या दुकानात त्याचीच कलेजी म्हणजे यकृत असतं. तिथे लिव्हर हा शब्द उलट जास्त नेमका. पण इंग्रजीची ही सोय दहा-वीस अवयवांपुरती आहे. त्यापुढे ती संपते आणि आद्याक्षरं सुरू होतात. माझ्या बहिणीच्या कार्डावर इंग्रजीच होती.

आणखी एक गोष्ट आहे जी इंग्रजीनं सुटत नाही, ती बायकांच्या शरीराची. ओपीडीत बसलेली बाई सांगते, "अंग भाईर येतंय." गर्भाशय खाली सरकलंय, असं तिला सांगायचं असतं. "अंगावरून जातंय" म्हणते तेव्हा रक्तस्राव. "खाली दुखतंय" म्हणजे कुठेही. अंग म्हणजे तर सगळं शरीर! ज्या भागाचं नाव घ्यायची लाज वाटते त्याला आपण आख्ख्या शरीराचं नाव दिलं. हा दोष एकट्या मराठीचा नाही. लॅटिन यादीतही बाईच्या बाह्य जननेंद्रियाला 'पुडेंडम' म्हणत, ज्याचा मूळ अर्थ 'लाज वाटावी असं'. 2019 च्या आवृत्तीत तो शब्द काढून टाकला. जगभरच्या शरीररचनाकारांना ते जमलं, तर आपल्याला 'गुह्य' आणि 'अवघड जागा' यांच्याऐवजी साधं, न लाजता उच्चारता येईल असं नाव का ठरवता येऊ नये? माझ्या वर्गात पहिल्या दिवशी अर्ध्या मुली योनी हा शब्द वहीत लिहितात पण मोठ्यानं वाचत नाहीत. महिनाभरानं वाचतात. शब्द सवयीनं स्वच्छ होतो.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. मराठी सगळीकडे एकसारखी नाही. माझ्याच वर्गात एक मुलगी पोटरी म्हणते, दुसरी पिंढरी. एक शब्द ठरवला की बाकीच्यांचे मरणार का? मरू नयेत. नव्या आंतरराष्ट्रीय यादीतही मान्य शब्दाशेजारी पर्यायी शब्दांसाठी रकाना आहे, अगदी काढून टाकलेल्या माणसांच्या नावांसाठीसुद्धा, कारण जुने कागद वाचता यायला हवेत. आपणही तसं करावं. कागदावर लिहायला एक शब्द, ओळखायला बाकीचे सगळे. वैद्यकीय अभ्यासक्रमात आता सुरुवातीला स्थानिक भाषेची ओळख करून देतात, बाहेरच्या राज्यांतून मुलं येतात त्यांच्यासाठी ती गरजच आहे. कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात करवीरची, कोकणातली आणि सीमाभागातली माणसं एकाच रांगेत उभी असतात. तिथल्या शिकाऊ डॉक्टरच्या हातात अशी यादी हवी.

ही यादी कुणी करायची? भाषा संचालनालयानं, पण एकट्यानं नाही. शरीररचना शिकवणारे, आयुर्वेदाचे अध्यापक, नर्सेस, आशाताई, तालमीतला वस्ताद, न्यायालयातला भाषांतरकार यांना एका टेबलाशी बसवून. मराठीला 2024 साली अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्तानं जे काही काम होईल त्यात जुनी हस्तलिखितं जपावीतच, पण या रकान्यालाही जागा मिळावी. सुरुवात सगळ्या 7,000 नावांनी करायची गरज नाही. ज्यांच्यावर ऑपरेशन होतं, ज्यांची नावं संमतीपत्रावर येतात, असे शंभर-दीडशे अवयव आधी घ्यावेत.

आणि संमतीपत्र आधी बदलावं, यादी व्हायची वाट न बघता. 2008 साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. तपासणीसाठी संमती दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय भूल असतानाच काढले होते. न्यायालयानं सांगितलं की एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, आणि रुग्णाला पुरेशी माहिती कळेल अशी दिली पाहिजे. कळेल अशी म्हणजे तिच्या भाषेत, आणि ज्या शब्दाचा एकच अर्थ आहे अशा शब्दात.

मी आणि माझ्या दोन सहकारी मैत्रिणींनी एक नमुना केलाय. त्यात पिशवीच्या ऑपरेशनसाठी तीन ओळी आहेत, प्रत्येकीपुढे 'काढणार' आणि 'ठेवणार' असे दोन चौकोन : गर्भाशय म्हणजे पिशवी, उजवा आणि डावा अंडाशय, उजवी आणि डावी बीजवाहिनी. बाजूला एक साधं चित्र. तो बहिणीला दाखवला. तिनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथेच ठेवलं. मग म्हणाली, "ह्ये मला कुणी इचारलंच न्हवतं."

दर वर्षी पहिल्या आठवड्यात मी मुलींना सांगते की घरी जाऊन आईला, आजीला विचारा, शरीराच्या कुठल्या भागाला काय म्हणता, आणि लिहून आणा. अशा 14 वह्या माझ्या कपाटात आहेत. ज्यांना या यादीचं काम करायचंय त्यांनी त्या मागाव्यात, मी देईन.